पाळीव कुत्र्याची विध्वंसक वर्तणूक : निदान व उपाय

गणेशचतुर्थीस मालवण-वेंगुर्ले किनाऱ्यावरील घरे मुंबईच्या चाकरमान्यांनी भरून जातात व विसर्जनानंतर लवकरच रिकामी होतात. मागे राहिलेले वृद्ध माणूस बाजारास गेले की घरचे कुत्रे चौकट कुरतडते, चपला फाडते किंवा माडाचे आळे उकरते. त्याला खोडकर ठरवून झोडपण्यात येते अथवा कायमचे साखळीस बांधण्यात येते. तथापि नासधूस हा स्वभावदोष नसून लक्षण होय. उपायापूर्वी तिचे निदान व्हावयास हवे.

निदानास वय, स्थळ व काळ ही गमके उपयोगी पडतात. चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या सुमारास पिल्लाचे 28 दुधाचे दात पडून 42 कायमचे दात येतात. त्या काळी चघळणे स्वाभाविकच असते. माणसे बाहेर पडताच दारे-खिडक्यांपाशी नासधूस होत असेल व जोडीस विव्हळणे, लाळ गळणे आढळत असेल, तर विरहजन्य चिंतेचा संशय घ्यावा. फटाके वा मेघगर्जना यांच्या वेळीच दार ओरबाडले जात असेल, तर मूळ भीतीत असते. पावसाळ्यात कोंडलेल्या कुत्र्याची नासधूस बहुधा व्यायामाच्या अभावातून उद्भवते.

मागाहून केलेली शिक्षा निष्फळ ठरते. कुत्रे तिचा संबंध कृतीशी न जोडता धन्याच्या आगमनाशी जोडते. त्याची 'अपराधी' मुद्रा ही धन्याच्या रागावण्याची प्रतिक्रिया असते, गुन्ह्याची कबुली नव्हे, असे अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या 2009 मधील प्रयोगांत दिसून आले.

उपाय कारणानुरूप असावेत. पिल्लास चघळण्याजोगी सुरक्षित वस्तू द्यावी. नारळाचे सोडण हाताशी असले तरी त्याचे तंतू गिळले गेल्यास आतडे तुंबू शकते. विरहजन्य चिंतेत एकटेपणाची सवय काही क्षणांपासून आरंभून क्रमाक्रमाने वाढवावी; भित्र्या कुत्र्यास आतली शांत खोली द्यावी. साखळी हा उपाय नव्हे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे हा 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 11 अन्वये गुन्हा आहे.

एक अपवाद मात्र ध्यानी ठेवावयास हवा. शांत कुत्रे एकाएकी निर्जीव वस्तूंना चावू लागले, त्याचा आवाज बदलला व लाळ गळू लागली, तर ते पिसाळले असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्याच्याजवळ न जाता पशुवैद्यास कळवावे. चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्वरित रुग्णालय गाठावे.

इतर बहुतेक प्रसंगी प्रतिबंध सुलभ असतो. घर माणसांनी भरलेले असतानाच कुत्र्यास रोज थोडा वेळ एकटे राहावयास शिकविले, तर पाहुणे परतल्यावरचा एकांत त्याला असह्य होत नाही.