वऱ्हाडच्या वाटा आणि डोंगरी सायकल



अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठेंतून सायकलींचीं दुकानें पाहत गेल्यास हल्लीं एक गोष्ट सहज डोळ्यांत भरते. पूर्वीची काळी, भारदस्त सायकल मागच्या भिंतीशीं जाऊन बसली आहे, आणि दर्शनी भागीं जाड टायरांच्या, भडक रंगांच्या 'डोंगरी' सायकली मांडलेल्या आहेत. मुलगा अकरावींत गेला, किंवा घरांतील कर्त्या पुरुषास डॉक्टरांनीं व्यायाम सांगितला, कीं यांपैकीं एखादी घरीं येते. आणि पुष्कळ घरीं सहा महिन्यांच्या आंत ती जिन्याखालीं उभी राहते. याचा दोष आपण चालविणाराच्या आळसाला देतों. माझ्या मतें तो बहुधा मापाचा आणि जुळणीचा असतो. गुडघे दुखूं लागले, हात बधिर होऊं लागले, म्हणजे उत्साह कोठवर टिकणार?

ही सायकल जन्मली कॅलिफोर्नियांत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन नांवाचा परगणा आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील तरुण जुन्या, जाड चाकांच्या सायकली घेऊन डोंगरावरून खालीं सुटत. त्यांच्या एका उताराचें नांवच 'रीपॅक' असें पडलें. मागच्या चाकाच्या तुंब्यांतील ब्रेक उतरतांना इतका तापे कीं आंतलें वंगण जळून धूर निघे, आणि पायथ्याशीं आल्यावर तो उघडून नव्यानें वंगण भरावें लागे. पुढें १९७७ सालीं जो ब्रीझ यानें या कामासाठीं मुद्दाम नवा सांगाडा बांधला, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकांत 'क्रॉस-कंट्री' शर्यतीला स्थान मिळालें. या शर्यतींत चढ, उतार आणि सपाटी हीं तिन्ही एकाच सायकलीवर पार करावीं लागतात. म्हणून केवळ उतारासाठीं केलेल्या अवजड सायकलींपेक्षां हीच जात वऱ्हाडास मानवेल. आपल्याकडे पूर्णेच्या खोऱ्याची सपाटी आहे आणि उत्तरेला गाविलगडचे डोंगरहि आहेत. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारें ३४० मीटर उंच, तर चिखलदरा सुमारें ११०० मीटर.

आतां निवडीकडे वळूं. दुकानदार प्रथम गिअर किती ते सांगेल आणि मागच्या स्प्रिंगवर हात ठेवून ती दाबून दाखवील. दोहोंकडेहि तूर्त लक्ष देऊं नये. स्वस्त सायकलीची मागची स्प्रिंग म्हणजे नसतें ओझें आणि चढावर पायांतलें बळ गिळणारें यंत्र होय. पुढचा चिमटा तेवढा १०० मिलिमीटर दबणारा, हवेचा असावा. मागचा भाग ताठ असलेला बरा. गिअरांची संख्या नव्हे, तर सर्वांत हलका गिअर महत्त्वाचा. पुढें ३२ दांत्यांचें एकच चक्र आणि मागें ५१ दांत्यांपर्यंतचीं चक्रें असलीं, तर पायडलाच्या एका फेरींत सायकल जेमतेम दीड मीटर पुढें सरकते. साधी काळी सायकल तेवढ्यांत पांच मीटरांहून अधिक जाते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाराला या दीड मीटराची किंमत पहिल्याच वळणावर कळेल.

चाकांविषयीं एक गंमत सांगतों. आजच्या '२९ इंची' चाकाच्या रिंगेचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो, आणि आपल्या आजोबांच्या २८ इंची सायकलीचा ६३५! टायर जाड म्हणून नवें चाक बाहेरून मोठें दिसतें, इतकेंच. मोठें चाक खड्ड्यांत कमी बुडतें, हें खेड्यांतील पोस्टमनला फार पूर्वीं ठाऊक होतें.

मापाच्या बाबतींत आपल्याकडे एक घातक चाल आहे. वाढत्या अंगाचा सदरा शिवावा तशी मुलाला वाढत्या अंगाची सायकल घेतात. सदरा सैल झाला तर बाही दुमडतां येते. सायकलीची फ्रेम दुमडतां येत नाहीं. दांडीवर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभें राहावें. जांघ व दांडी यांमध्यें निदान पांच सेंटीमीटर अंतर राहिलें पाहिजे. बसल्यावर कोपरें किंचित् वांकलेलीं असावींत. हात ताणून धरावे लागले तर ती सायकल कितीहि सवलतींत मिळत असली तरी परत करावी.

सीटची उंची अंदाजानें ठेवूं नये. अनवाणी भिंतीशीं उभें राहून पायांमध्यें पुस्तक घट्ट धरावें व त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजावें. त्याला ०·८८३ नें गुणिल्यास जें येईल तितकी उंची पायडलांच्या मधल्या आंसापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवावी. पाय ७८ सेंटीमीटरांचा असल्यास ती सुमारें ६९ सेंटीमीटर येईल. हा आरंभ समजावा, वेदवाक्य नव्हे. गुडघा पुढून दुखला तर सीट थोडी वर घ्यावी. मागून दुखला किंवा कंबर डोलूं लागली तर खालीं. पुढच्या चिमट्यांत हवा इतकी असावी कीं स्वार नुसता बसला असतां तो २० ते २५ मिलिमीटर दबेल.

टायरांची हवा हा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचीच सर्वांत हेळसांड होते. टायर दगडासारखा टणक केला म्हणजे सायकल पळते, ही समजूत डांबरी रस्त्यावरची. मुरमाच्या पांदणींत तसा टायर प्रत्येक गोट्यावरून उसळतो आणि वळणावर घसरतो. सव्वादोन इंची टायर आणि ६५ किलोंचा स्वार असल्यास, ट्यूब असतांना २८ ते ३० पौंड हवा पुरे. ट्यूबविरहित टायर असल्यास पुढें २० व मागें २३. वऱ्हाडांत ट्यूबविरहित टायरच घ्यावा असें मी आग्रहानें सांगेन, कारण आपल्या वाटांवर बाभळीचे आणि बोरीचे कांटे आहेत. टायरांत ओतलेला चीक कांट्याचें भोंक आंतून बुजवितो. मात्र अकोल्याच्या उन्हाळ्यांत तो लवकर वाळतो. दर दोन महिन्यांनीं पाहावा.

ब्रेक तबकडीचे व तेलाच्या दाबावर चालणारे असावेत. ते नवे असतांना सपाट रस्त्यावर ताशीं २० किलोमीटरांच्या वेगावरून चालीच्या वेगापर्यंत वीसएक वेळां आणावे. त्याशिवाय पॅड तबकडीला नीट धरीत नाहींत. असे कच्चे ब्रेक घेऊन मुलाला थेट चिखलदऱ्याच्या उतारावर सोडणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळ आहे. उतरतांना ब्रेक सतत दाबून ठेवूं नये. वळणाच्या अलीकडे जोरानें दाबावा व सोडावा, म्हणजे मधल्या वेळांत तो निवतो. रीपॅकच्या तरुणांचा धूर निघाला तो या सोयी नव्हत्या म्हणून.

मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पांत मात्र परवानगीवांचून सायकल घालूं नये. वाघापेक्षां अस्वलाची गांठ अधिक वाईट. गांवाबाहेरच्या पांदणी व मुरमाड टेकड्या सरावाला पुष्कळ आहेत.

राहिली काळी जमीन. ती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी धरते कीं टायर व फ्रेम यांमधली जागा भरून चाक जागचें हलत नाहीं. मग सायकल खांद्यावर घ्यावी लागते. शेतकरी वापसा आल्याशिवाय शेतांत औत घालीत नाहीं. सायकलस्वारानेंहि तेवढे दिवस थांबावें, किंवा मुरमाची वाट धरावी. चिखल लागलाच तर ओला असतांनाच धुवावा, पण जोराच्या फवाऱ्यानें नव्हे. बेअरिंगांत पाणी शिरतें. खारपाणपट्ट्यांतील विहिरीच्या पाण्यानें धुतलें असेल तर लगेच कोरड्या फडक्यानें पुसावें, साखळीच्या प्रत्येक कडीला तेलाचा एकेक थेंब द्यावा, आणि वर राहिलेलें तेल पुसून टाकावें. नाहींतर दुसऱ्या दिवशींची धूळ त्यावर बसून साखळी कानशीप्रमाणें दांते घासूं लागते.