दोन कंडेन्सर जोडताना

श्रोतेहो, बटण दाबले की विहिरीवरची सिंगल फेजची मोटर नुसती घुमते, फिरत मात्र नाही, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. पुष्कळदा दोष निघतो तो कंडेन्सरचा. समजा, मोटरीला ७२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर हवा आणि दुकानात ३६ चेच मिळाले. दोन घेऊन भागेल का? भागेल, पण ते कसे जोडता, यावर सारे अवलंबून आहे.

कंडेन्सर म्हणजे धातूचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये वीज अडवणारा थर. पत्र्यांवर विद्युतभार साठतो. दर व्होल्टला किती भार साठतो, ती त्याची धारिता. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिच्या एककाला फॅरड म्हणतात. मायक्रोफॅरड हा त्याचा दहा लाखावा भाग.

दोन रांजण शेजारी ठेवून तळाशी नळीने जोडले, तर पाण्याची पातळी दोघांत एकच राहते, पाणी मात्र दोघांचे मिळून. समांतर जोडणी अशीच. व्होल्ट दोघांवर सारखे, भाराची बेरीज. ३६ अधिक ३६, झाले ७२. मात्र दोन्ही कंडेन्सर मूळच्याइतकेच व्होल्ट सोसणारे हवेत.

एकसर जोडणीत एकाचे टोक दुसऱ्याला जोडून साखळी करतात. इथे दोघांवर भार सारखाच, पण व्होल्ट वाटले जातात. म्हणून धारिता घटते. दोघांचा गुणाकार करून बेरजेने भागा: १२९६ भागिले ७२, म्हणजे १८. हव्या धारितेची चौथाई! एवढ्यावर मोटर उठायची नाही, आणि तशीच घुमत ठेवली तर वाइंडिंग जळेल.

७२ आणि ३६ एकसर जोडले तर येतात २४, म्हणजे धाकट्याहूनही कमी. त्यांना डी.सी.चे ३०० व्होल्ट दिले, तर मोठ्यावर १०० पडतात, धाकट्यावर २००. ताण धाकट्यालाच जास्त!

गुरुजनहो, रोधांचा नियम नेमका उलटा: एकसर जोडले की बेरीज. मुलांना दोन्ही उदाहरणे शेजारी मांडून द्या. घोटाळा होणार नाही.

शेवटी एक सांगणे. मेन स्विच बंद केला तरी कंडेन्सरात भार उरलेला असतो आणि त्याचा जबर झटका बसतो. तेव्हा हिशेब आपण करा, जोडणी मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.