आधी कादंबरी, मग पिक्चर : कॉलेजातला ‘माध्यमांतर’चा अभ्यास आहे तरी काय?

शहापूर / मुरबाड : बारावीनंतर आर्ट्सला मराठी घेतो म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘त्याचा उपयोग काय?’ त्यात अभ्यासाला सिनेमाही आहे असं कळलं, तर पोरगं पिक्चर बघायलाच कॉलेजात चाललंय, असा समज होतो. अभ्यास मात्र मेहनतीचा आहे.

कथा, कादंबरी किंवा नाटकावरून सिनेमा होतो, त्याला ‘माध्यमांतर’ म्हणतात. आधी पुस्तक वाचायचं, मग सिनेमा बघायचा आणि काय गाळलं, काय वाढवलं, कशासाठी, हे लिहायचं. लेखक माणसाच्या मनातलं सरळ सांगू शकतो. पडद्यावर तेच चेहऱ्यातून, आवाजातून, कधी नुसत्या शांततेतून दाखवावं लागतं.

आपल्या भागाला जवळचं उदाहरण ‘जैत रे जैत’चं. गो. नी. दांडेकरांची ही कादंबरी कर्नाळा परिसरातल्या ठाकरांची. तिच्यावर डॉ. जब्बार पटेल यांनी १९७७ साली सिनेमा काढला. ढोल वाजवणारा नाग्या मोहन आगाशेंनी केला, चिंधी स्मिता पाटील यांनी. सिनेमात गोष्ट बरीचशी गाण्यांतून पुढे जाते. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. महानोर मराठवाड्याकडचे कवी. मग त्या गाण्यांत ठाकरांची बोली किती आणि कवीची किती? पडद्यावरचा नाच वाडीतल्या नाचासारखा आहे का?

शहापूर, मुरबाडच्या ठाकूरवाड्यांतली मुलं या प्रश्नांना शहरातल्या मुलांपेक्षा जास्त खात्रीनं भिडू शकतात. घरची जी बोली वर्गात लपवावी वाटते, तीच इथं अभ्यासाचं साधन होते.

दोन्ही तालुक्यांतली कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. मुरबाडला अजून रेल्वे नाही. एसटीनं कल्याण गाठण्याआधी जवळच्या कॉलेजात चौकशी करावी. साहित्य आणि सिनेमा हा भाग कोणत्या सत्राला आहे? मुख्य विषयात आहे की दुय्यम? पुस्तक लायब्ररीत आहे का, सिनेमा वर्गात दाखवतात का? हे प्रवेशाआधीच विचारून घ्यावं.

एक गोष्ट स्पष्ट हवी. या पदवीनं कोणी कॅमेरामन किंवा दिग्दर्शक होत नाही. त्याचं शिक्षण वेगळं. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून ते देते. सिनेमा कसा बघावा, हे शिकवणारा रसास्वादाचा छोटा कोर्सही तिथं होतो. मराठीच्या पदवीतून पटकथा, संवाद, भाषांतर, बातमीदारी यासाठी लागणारी लिहिण्याची सवय मिळते. शाळेत शिकवायचं तर पुढे बी.एड. करावं लागतं.

हा विषय आपल्याला जमेल का, हे सुट्टीतच तपासता येतं. आजीकडची एखादी गोष्ट कागदावर उतरवायची, मग तीच दोन मिनिटांत मोबाईलवर चित्रित करायची. कागदावरचं काय पडद्यावर आलं नाही, हे ज्याला नेमकं सांगता येईल, त्यानं हा विषय घ्यायला हरकत नाही.