उद्योगाला आश्रय, नियतकालिकाला भूमी : औंध संस्थान आणि किर्लोस्करवाडी

एखाद्या राज्याकडे उद्योग का ओढला जातो, या प्रश्नाची चर्चा आज बहुधा करसवलती, भूखंड, वीजदर आणि परवाने यांच्या परिभाषेत होते. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये मांडलेल्या उद्योगस्थान-सिद्धान्तात वाहतूकखर्च, मजुरी आणि उद्योगांचे एकत्रीकरण हे घटक निर्णायक मानले आहेत. त्याच सुमारास औंध या लहानशा मराठी संस्थानात घडलेली घटना या घटकांच्या चौकटीत पूर्णपणे बसत नाही. मराठी नियतकालिकांच्या इतिहासाशी तिचा थेट संबंध असल्याने साहित्याच्या अभ्यासकांनाही ती महत्त्वाची ठरते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांच्या निर्मितीपर्यंत मजल मारली होती. नव्या वसाहतीच्या योजनेसाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास सांगितली, तेव्हा हा उद्योग निराश्रित झाला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी एका बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचा परिचय होता. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडीची उभारणी सुरू झाली.

वेबर यांच्या कसोट्या लावल्या, तर ही निवड दुर्बल दिसते. जागा म्हणजे निवडुंगाने व्यापलेले माळरान होते. कुशल कामगार नव्हते आणि पूरक उद्योगही नव्हते. कच्चे लोखंड आणि कोळसा दुरून आणावा लागे. रेल्वेची जवळीक तेवढी अनुकूल होती. परंतु तशी स्थानके ब्रिटिश मुलखातही होती. औंधचे वेगळेपण अन्यत्र शोधावे लागते. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत रूढ असल्याने मालाला उठाव नव्हता. अशा मालावर भांडवल लावण्यास सावकार सहसा धजावला नसता. संस्थानाधिपतीने ती जोखीम पत्करली. निर्णय घेणारा आणि उद्योजक यांच्यामध्ये कचेऱ्यांची उतरंड नव्हती. शिवाय कारखान्याभोवती एक संपूर्ण वसाहत वसविण्याची मोकळीक उद्योजकाला मिळाली.

या मोकळिकीचे वाङ्मयीन फलित लक्षणीय आहे. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे वार्तापत्र शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली निघाले आणि पुढे ते ‘किर्लोस्कर’ या मासिकात परिणत झाले. त्यास १९३० मध्ये ‘स्त्री’ची आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ची जोड मिळाली. मुंबई-पुण्याबाहेरच्या एका कारखानी गावातून स्त्रीजीवन, बुद्धिप्रामाण्य आणि उद्यमशीलता यांचा विचार मराठी मध्यमवर्गात पोहोचला. या मासिकांच्या यंत्रनिष्ठ, प्रयत्नवादी दृष्टीचा उगम शोधताना त्यांच्या प्रकाशनस्थळाची भौतिक पार्श्वभूमी दुर्लक्षून चालणार नाही.

मात्र या प्रतिमानाची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. औंधचे आकर्षण एका व्यक्तीच्या गुणग्राहकतेवर उभे होते आणि संस्थानाची साधनसामग्री तुटपुंजी होती. उद्योगाचा विस्तार होऊ लागला, तेव्हा त्याने व्यापक क्षेत्र शोधले. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रसामग्रीचा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुणे आणि बंगळूर येथे नव्या कंपन्या स्थापन झाल्या. १९४८ मध्ये औंध विलीन झाले. मासिकेही कालांतराने पुण्यास गेली. मूळ कारखाना मात्र किर्लोस्करवाडीतच राहिला.

यावरून असे दिसते की, उद्योगाच्या आरंभी जोखमीत सहभागी होणारी सत्ता निर्णायक ठरते, तर विस्ताराच्या टप्प्यावर बाजारपेठ, वीज आणि कुशल मनुष्यबळ यांचे पारडे जड होते. राज्याराज्यांतील आजच्या स्पर्धेत दुसऱ्या टप्प्याच्या सोयींचीच जाहिरात अधिक होते. पहिल्या टप्प्यावरील विश्वासाला शासनव्यवस्थेत कोणते स्थान द्यावयाचे, हा औंधने उपस्थित केलेला प्रश्न त्यामुळे अद्याप अनुत्तरित आहे.