घरपोंच मागविलेला माल परत करतांना हंशिलाचा हक्क

मोबाइलवर बोट ठेवावें आणि चार दिवसांनीं माल दाराशीं यावा, ही सोय आतां आडगांवच्या शेतकऱ्यासही नवी राहिलेली नाहीं. फवारणीचा पंप, ठिबकची नळी, ताडपत्री, मोटारीचे सुटे भाग अशा कितीएक वस्तु तालुक्याच्या बाजारीं न जातां घरबसल्या येतात. माल चांगला निघाला तर प्रश्नच उरत नाहीं. परंतु तो नादुरुस्त किंवा भलताच निघाला म्हणजे परतीचें प्रकरण सुरू होतें. आणि किंमत परत मिळाली तरी माल पोंचविण्याबद्दल घेतलेलें हंशील बहुधा बुडीत खातीं जातें. रक्कम लहान म्हणून कोणी तिच्या मागें लागत नाहीं. या बाबतींत कायदा काय म्हणतो, तें आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम आमचाच अनुभव सांगतों. गेल्या सोयाबीनच्या सुगीस गंजी झांकण्याकरितां आम्हीं चोवीस फूट लांब व अठरा फूट रुंद अशी ताडपत्री मागविली. किंमत १,८५० रुपये व हंशील १४० रुपये, मिळून १,९९० रुपये आगाऊ भरले. आली ती अठरा फूट लांब व बारा फूट रुंद. आभाळ भरून आलेलें आणि गंजी उघडी! शेजाऱ्याची ताडपत्री उसनी आणून ती रात्र निभावून नेली. माल परत गेला, १,८५० रुपये खात्यांत जमाही झाले. परंतु १४० रुपयांविषयीं विचारतां, "पोंचविण्याचें काम आम्हीं केलें आहे, सबब तें हंशील परत मिळत नाहीं," असें उत्तर आलें. आमची हयात महसुली दप्तरांत गेली. तेरजेंत एक रुपयाची तफावत राहिली तरी आम्हांस झोंप येत नसे. तेव्हां आम्हीं कायद्याचीं पुस्तकें काढलीं.

येथें दोन प्रकार निरनिराळे ओळखले पाहिजेत. एक, दोष विक्रेत्याकडे असणें, म्हणजे माल खराब, नकली, वर्णनाहून वेगळा, किंवा सांगितलेली मुदत टळल्यावर आलेला. दुसरा, मालांत कांहीं दोष नाहीं, पण घेणाराचें मन बदललें. हे दोन्ही एकाच मापानें मोजल्यामुळें पुष्कळ घोंटाळा होतो.

दुसऱ्या प्रकाराविषयीं युरोपांतील एक निकाल ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. जर्मनींत हाइनरिश हाइने नांवाची घरपोंच विक्री करणारी एक कंपनी ४.९५ युरो हंशील घेई व ग्राहकानें माल परत केला तरी तें ठेवून घेई. ग्राहकांच्या एका संस्थेनें दावा लावला. तो युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि ता. १५ एप्रिल २०१० रोजीं निकाल झाला कीं, ग्राहकानें मुदतींत करार मोडल्यास पोंचविण्याचा खर्चही त्यास परत दिला पाहिजे. कारण उघड आहे. हंशील बुडणार असें दिसलें म्हणजे ग्राहक परतीचा हक्क असून वापरीत नाहीं. पुढें जून २०१४ पासून तेथें असा नियम लागू झाला कीं, दुरून घेतलेला माल हातीं आल्यापासून १४ दिवसांत कारण न देतां करार मोडतां येतो, व साध्या पाठवणीचें हंशील परत मिळतें. लौकर यावा म्हणून जादा दर भरला असल्यास ती जादा रक्कम मात्र मिळत नाहीं, आणि माल उलट पाठविण्याचा खर्च सामान्यतः ग्राहकाचा असतो. ब्रिटननेंही हेच नियम केले.

आपल्या देशांत केवळ मन बदललें म्हणून असा सरसकट हक्क कायद्यानें दिलेला नाहीं. तेथें विक्रेत्यानें आपल्या अटींत जें कबूल केलें असेल तेवढेंच मिळावयाचें. सबब पैसे भरण्यापूर्वीं परतीच्या अटी वाचणें अगत्याचें आहे. नाहीं तर चार आण्यांची कोंबडी व बारा आण्यांचा मसाला, अशी गत व्हावयाची.

पण दोष विक्रेत्याचा असेल तर आपली बाजू चांगली भक्कम आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व त्याखालील ई-वाणिज्याचे नियम २०२० यांतील मुख्य गोष्टी येणेंप्रमाणें आहेत :

(१) माल खराब, नकली, जाहिरातींत सांगितलेल्या गुणांहून वेगळा, किंवा दैवी आपत्तीसारखें कारण नसतां उशिरां आलेला असेल, तर तो परत घेण्यास व पैसे देण्यास विक्रेत्यास नाकारतां येत नाहीं.

(२) एकूण किंमत एका आंकड्यांत व तिची फोड, हंशिलासह, विक्रेत्यानें आधींच दाखविली पाहिजे. हंशील किती घेतलें, याचा हाच पुरावा होय.

(३) तक्रार-निवारण अधिकाऱ्यानें ४८ तासांत पोंच द्यावी व एक महिन्याच्या आंत निकाल करावा.

(४) जिल्हा ग्राहक आयोगास किंमत अथवा घेतलेला आकार व्याजासह परत देवविण्याचा, तसेंच नुकसानभरपाई देवविण्याचा अधिकार आहे. हंशील हा घेतलेला आकारच आहे. म्हणून मागणींत तें वेगळें नांव घालून मागावें.

माल उलट पाठविण्याचा खर्च कोणाचा? मालविक्रीचा १९३० चा जुना कायदा अद्याप चालू आहे. त्याचें ४३ वें कलम सांगतें कीं, नाकारण्याचा हक्क असतां घेणारानें माल नाकारला, तर वेगळा करार नसल्यास तो पोंचविण्याची जबाबदारी त्याजवर नाहीं. नाकारल्याचें कळविलें म्हणजे पुरे. मात्र कळविण्यास दिरंगाई करूं नये. वाजवी मुदतीपलीकडे माल मुकाट्यानें ठेवून घेतला तर तो स्वीकारला असें धरलें जातें.

कित्येक शेतकऱ्यांस वाटतें कीं, शेती हा धंदा, मग आपण ग्राहक कसले? ही समजूत चुकीची आहे. स्वतःच्या उपजीविकेकरितां स्वतः वापरण्यास घेतलेली वस्तु कायद्यानें व्यापारी कामाची मानिली जात नाहीं. निकृष्ट बियाण्याच्या प्रकरणांत राष्ट्रीय बियाणें महामंडळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं शेतकरी ग्राहकच होत असा निर्णय दिला आहे.

आतां प्रत्यक्ष काय करावें? पार्सल फोडतांना मोबाइलवर चित्रण करावें. वरची चिठ्ठी फाडून टाकूं नये. बिल, जाहिरातीचें चित्र व पैसे भरल्याची नोंद जपून ठेवावी. त्याच दिवशीं लेखी कळवावें. तोंडी बोलण्यावर विसंबूं नये. किंमत किती, हंशील किती व उलट पाठवणीस खर्च झाला असल्यास तो किती, हे आंकडे निरनिराळे लिहावे. महिन्यांत दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक सहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्यानेंही न भागल्यास आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत अर्ज करतां येतो. विक्रेत्याच्या गांवीं खेटे घालावे लागत नाहींत. मालाची किंमत पांच लक्षांपर्यंत असल्यास तक्रारीस फी नाहीं, व वकील दिलाच पाहिजे असेंही नाहीं.

आम्हीं तक्रार-निवारण अधिकाऱ्यास वरील नियमांचा हवाला देऊन एक पानाचें पत्र धाडलें. दुसऱ्या दिवशीं पोंच आली व बाराव्या दिवशीं १४० रुपये जमा झाले. त्या रात्रींच्या धांवपळीचा मोबदला अर्थात् कोणी दिला नाहीं, व तो आम्हीं मागितलाही नाहीं. परंतु शंभर घरचे शंभर-दीडशें रुपये असेच मुकाट्यानें सोडले गेले, तर विक्रेत्यास खरा माल धाडण्याची निकड ती काय राहणार?

ज्या सभासदांचें असें हंशील अडकलें असेल, त्यांनीं आपले कागद घेऊन बाजारच्या दिवशीं संघाच्या कचेरींत यावें. अर्ज लिहून देण्यास आम्ही तयार आहों.