जामनेरच्या मातीचा जमाखर्च

जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यात कपाशी तोट्यात का गेली, असे कुणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते: भाव नाही. उत्तर खरे आहे, पण अर्धेच. गेल्या दोन-अडीच दशकांचा हिशेब मांडला तर खर्चाची बाजू उत्पन्नापेक्षा जोरात वाढलेली दिसते, आणि त्या खर्चातला बराचसा भाग पूर्वी जमीन आणि गोठा मिळून उचलत होते. माती सुधारा, असे सांगणारे या काळात पुष्कळ आले. माती सुधारेपर्यंत घर कशावर चालवायचे, हे मात्र कुणी सांगितले नाही.

बीटीपूर्वीची कपाशी सुखाची होती असे नाही. नव्वदच्या दशकात हिरव्या बोंडअळीने फवारण्या इतक्या वाढवल्या की हंगामाअखेर कीटकनाशकांची उधारीच डोक्यावर उरे. राज्य सरकारच्या 1972 पासूनच्या एकाधिकार खरेदीत चुकारे रखडत, तरी घेणारा ठरलेला असे. शेतात मात्र कपाशी एकटी नव्हती. मध्ये तुरीच्या ओळी, कुठे मूग-उडीद, कडेला अंबाडी. बैलजोडी घरची, त्यामुळे शेणखतही घरचे.

मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. अळी आवरली, फवारण्या घटल्या, उतारा वाढला. ठिबकचे या तालुक्याला अप्रूप नव्हते; ठिबकचे उद्योजक भवरलाल जैन इथल्याच वाकोदचे. विहिरीला पाणी असलेल्यांनी मे महिन्यातच मान्सूनपूर्व लागवड सुरू केली. चार पैसे हाती आले, हे नाकारता येणार नाही. पण त्याच ओघात कपाशीवर कपाशी होऊ लागली, तुरीची ओळ गेली, पुढे बैलही गेले. शेणखताची ट्रॉली विकत घ्यावी लागली, नाहीतर खताच्या गोण्या वाढवाव्या लागल्या. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून बांधावर पेटवायची, नाहीतर पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांचा दुसरा बहर, धरायची. फरदडीत गुलाबी बोंडअळीला बारमाही मुक्काम मिळाला, आणि 2017 मध्ये तिने राज्यभर हिशेब चुकता केला.

दरम्यान सातपुड्यापलीकडे, निमाडातल्या कसरावदला, 2007 पासून एक प्रयोग चालू होता. स्वित्झर्लंडच्या फिबल या संशोधन संस्थेने कपाशी, सोयाबीन आणि गहू सेंद्रिय व रासायनिक अशा दोन्ही पद्धतींनी शेजारी-शेजारी घेतले. पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कपाशीचे उत्पादन 29 टक्क्यांनी कमी आले आणि नफ्यात रासायनिक शेती 29 टक्क्यांनी पुढे राहिली. पुढच्या दोन वर्षांत उत्पादन जवळपास सारखे आले, खर्च कमी असल्याने सेंद्रियचा नफा 25 टक्क्यांनी जास्त निघाला. संशोधकांच्या तक्त्यात ही पहिली दोन वर्षे एका रकान्यात बसतात. चार एकरांच्या शेतकऱ्याला मात्र त्याच दोन वर्षांत पीककर्ज फेडायचे असते.

शिवाय सेंद्रिय कपाशीला बीटी चालत नाही, आणि बाजारात बिगरबीटी बियाणे शोधूनही सापडेना. महाराष्ट्रात आलेल्या ‘बेटर कॉटन’ या कापूस कार्यक्रमात बीटी चालते, खर्चही आटोक्यात आणायला शिकवतात, पण त्यात शेतकऱ्याला ठरावीक जादा भाव नाही.

2018 मध्ये पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, आला. सुरुवातीच्या पंधरा जिल्ह्यांत जळगाव होता. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या एसआरटी या बिननांगरणीच्या पद्धतीचा प्रसार याच प्रकल्पातून कपाशी-मक्यात झाला. गादीवाफे एकदाच पाडायचे, नंतर नांगर-रोटाव्हेटर नाही. पऱ्हाटी उपटायची नाही, बुडाशी कापायची. मुळे जमिनीत कुजू द्यायची आणि जूनमध्ये त्याच वाफ्यावर बी टोकायचे. कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ्या राहतात, त्यांतून पावसाचे पाणी खाली उतरते. नांगरट, रोटाव्हेटर आणि वखरणीचा पैसा पहिल्याच वर्षी वाचतो. तणनाशक मात्र लागते, त्यामुळे सेंद्रियचा शिक्का आणि त्याचा भाव दोन्ही हुकतात. पोकराचे अनुदान मुख्यतः शेततळे, ठिबक, अवजारे अशा कामांना आणि वस्तूंना होते. पाच वर्षे न नांगरलेल्या रानाचे बिल जोडता येत नाही.

आता मातीत साठवलेल्या कर्बाचे पैसे देणाऱ्या कार्बन क्रेडिटची चर्चा आहे. त्याचा हिशेब पारावर बसूनही होतो. एकरभर रानाच्या वरच्या फूटभर थरात साधारण दीड हजार टन माती असते. तिच्यातला सेंद्रिय कर्ब 0.1 टक्क्याने वाढला तर दीड टन कर्ब, म्हणजे साडेपाच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड साठतो. याला पाच वर्षे लागली आणि टनाला हजार रुपये मिळाले असे धरले, तर एकरी वर्षाला अकराशे रुपये. त्यातून मोजणी, तपासणी आणि मध्यस्थ वजा. त्याच एकरात आठ क्विंटल कापूस निघाला, तर किलोला दहा रुपयांनी वेचणीच आठ हजारांची होते. 2021-22 मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता. 2023-24 चा लांब धाग्याचा हमीभाव 7020 रुपये होता. या फरकानेच आठ क्विंटलमागे जवळपास चोवीस हजार उडतात. कर्बाचे अकराशे त्यापुढे कुठे पुरणार?

म्हणून मातीचा पैसा दोनच वाटांनी येण्यासारखा दिसतो. एक, बदलाच्या दोन वर्षांतली तूट कुणीतरी भरून देणे. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानात एकरी चार हजार रुपये, दोन वर्षे, अशी तरतूद आहे. दिशा बरोबर आहे. पण रसायने पूर्ण सोडणाऱ्यालाच ती लागू, एसआरटीवाला बाहेरच. दुसरी वाट म्हणजे फेरपालटाच्या पिकाला गिऱ्हाईक. इथेनॉलमुळे मक्याला मागणी आली, तेव्हा कुणाच्या प्रबोधनाविना कपाशीची राने मक्याखाली गेली. तुरीचेही तसेच होईल. तूर, उडीद आणि मसूर शेतकरी आणेल तेवढे चार वर्षे हमीभावाने घेऊ, असे केंद्राने 2025 च्या अर्थसंकल्पात सांगितले आहे. तूर काढणीला येते तेव्हाच जामनेरचे खरेदी केंद्र उघडले, बारदान पुरले आणि चुकारा वेळेवर झाला, तर कपाशीतली तुरीची ओळ परत यायला वेगळ्या अभियानाची गरज पडणार नाही.