कॅल्शियमची बाटली आणि पहिल्या वर्षाची पुस्तकं

नंदेसरी म्हटलं की वडोदऱ्याच्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर जीआयडीसी आणि रसायनांचे कारखाने येतात. पण मही नदी ओलांडली की पलीकडे आणंद: १९४६ साली अमूलची सुरुवात झाली ते गाव. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९६४ सालचं. अशा दूधपट्ट्यात ‘गाय व्याली, पण आता उठत नाही’ असा निरोप डॉक्टरला नवा नाही. डॉक्टर येतो, शिरेतून कॅल्शियम देतो आणि मान पोटाकडे वळवून गार पडलेली गाय बरेचदा थोड्याच वेळात उभी राहते. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्यासाठी शरीररचना आणि शरीरक्रियेची जाडजूड पुस्तकं कशाला? हात बसला की झालं. पुष्कळ विद्यार्थ्यांनाही हे मनातून पटलेलं असतं.

हा गैरसमज जनावराच्या जिवावर बेतू शकतो. कॅल्शियमवर स्नायू चालतात आणि हृदयही स्नायूच आहे. बाटली घाईने सोडली तर तेच औषध हृदय बंद पाडतं. म्हणून जाणता डॉक्टर एका हाताने बाटली धरतो, स्टेथोस्कोप छातीवरून हलवत नाही आणि ठोके अडखळले की धार थांबवतो. हे भान पहिल्या वर्षाच्या शरीरक्रियाशास्त्रातून येतं.

दुसरा गैरसमज गोठ्यातला आहे आणि अगदी सद्भावनेतून येतो: गाभण गाईला शेवटच्या महिन्यात भरपूर कॅल्शियम पाजलं की व्याल्यावर गाय आडवी पडण्याचा हा आजार, म्हणजे दुग्धज्वर, होणार नाही. घडतं उलटं. चीक तयार होऊ लागला की रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने कासेत ओढलं जातं. ती तूट हाडांतून आणि आतड्यांतून भरून काढायचं काम पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व करतात. भाकडकाळात आयतं कॅल्शियम मिळत राहिलं तर ही यंत्रणा सुस्तावते आणि ऐन गरजेच्या वेळी जागी व्हायला उशीर लावते. म्हणून व्यायच्या आधीचा आहार आणि व्याल्यानंतरचं कॅल्शियम या दोन्ही गोष्टी डॉक्टरला विचारूनच ठरवाव्यात.

आधी प्रयोगशाळा शोध लावते, मग गोठा तो वापरतो, असंही सरसकट मानलं जातं. याच आजाराचा इतिहास वेगळं सांगतो. १८९७ साली डेन्मार्कमधले पशुवैद्य श्मिट यांना वाटलं की विष कासेत तयार होतं. त्यांनी सडांतून पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण सोडलं आणि मरणाऱ्या गाई वाचू लागल्या. पुढे कळलं की कासेत नुसती हवा भरली तरी गुण येतो. कल्पना चुकीची होती, उपचार मात्र लागू पडत होता. कासेतल्या दाबाने दूध उतरणं थांबत होतं आणि कॅल्शियम रक्तातच राहत होतं. आजाराचं रक्तातल्या कॅल्शियमशी असलेलं हे नातं १९२५ च्या सुमारास उलगडलं. तोवर गोठ्याने शास्त्रापुढे पंचवीसेक वर्षं एक प्रश्न मांडून ठेवला होता.

राहता राहिला विद्यार्थ्यांचा लाडका समज: खरं जनावर इंटर्नशिपमध्येच भेटतं. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे आणि शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पण पहिल्याच वर्षी शरीररचना आणि शरीरक्रियेच्या जोडीला पशुधन व्यवस्थापनही असतं, म्हणजे गोठा तेव्हापासूनच समोर असतो. मुंबईत तर १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारात. वर्ग आणि रुग्ण शेजारी हवेत, हे तेव्हाच्या लोकांना समजावून सांगावं लागलं नव्हतं.

त्या शेजाराचा उपयोग कसा होतो? गाईची शेपटी हँडपंपाच्या दांड्यासारखी वरखाली हलवायची आणि बोटाने पहिल्या दोन शेपूटमणक्यांमधली खोबण शोधायची. मायांग बाहेर आलेल्या गाईला भूल याच खोबणीत देतात. मज्जारज्जू तिच्या आधीच संपलेला असतो. मोजकी मात्रा दिली तर गाय उभीच राहते आणि कुंथणं थांबतं, जास्त झाली तर मागचे पाय लुळे पडतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ही खोबण टेबलावरच्या सांगाड्यात पाहतो. तीच त्याच आठवड्यात जिवंत गाईवर चाचपून पाहायला लावायला ना यंत्र लागतं ना खर्च, आणि प्रत्येक महाविद्यालयाने ते वेळापत्रकातच घालायला हवं.